लिव्ह, लीव्ह आणि रजा : मुलुंडच्या एका वन-बीएचकेचं प्रकरण

‘प्लीज इव्हॅक्युएट द फ्लॅट बाय थर्टीएथ.’

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला हा व्हॉट्सअॅप मेसेज आला. बाहेर पाऊस धरलेला. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने तो दोनदा वाचला आणि नवरा ऑफिसातून यायच्या आत सोनोग्राफीचे रिपोर्ट, कागदांची फाइल आणि दागिन्यांचा डबा एका पिशवीत भरला. मग खाली जाऊन सेक्रेटरींना विचारलं, “काका, आपली बिल्डिंग सी-वनमध्ये गेली का?”

हसण्यासारखं यात काही नाही. ती कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, आणि तिने तो शब्द बरोबरच वाचला होता. इव्हॅक्युएट म्हणजे धोका आहे म्हणून माणसं बाहेर काढणं. पूर आला, आग लागली, इमारत पडायला झाली की हा शब्द येतो. मुंबईत तर तो दर पावसाळ्याच्या तोंडावर कानावर पडतो, कारण महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते आणि त्यातल्या सी-वन वर्गातल्या इमारती तातडीने रिकाम्या करून पाडायच्या असतात. मेसेज पाठवणाऱ्याला म्हणायचं होतं व्हेकेट, म्हणजे मुदत संपतेय, जागा खाली करा. तिसरा शब्द एव्हिक्ट. त्यात माणूस आपण होऊन जात नाही, कायद्याने त्याला बाहेर काढतात. मराठीत या तिन्हींना आपण ‘जागा खाली करणं’ म्हणून मोकळे होतो आणि आवाजाच्या पट्टीवरून काय ते समजून घेतो. व्हॉट्सअॅपवर आवाजाची पट्टी नसते.

मी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. पोटापाण्यासाठी कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करते, त्यामुळे सोसायटीत कुणाकडेही इंग्रजी नोटीस आली की बेल माझी वाजते. या वेळी दोन दिवसांत दोनदा वाजली. आधी ती मुलगी आणि तिचा नवरा आले. हा मूळचा सांगलीचा. दुसऱ्या दिवशी खुद्द घरमालकीण काकू आल्या, वय चौऱ्याहत्तर, हातात तोच करारनामा, बरोबर मेसेज पाठवणारा भाचा.

काकूंची अडचण खरी होती. त्या भाच्याकडे डोंबिवलीत राहत होत्या, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. लिफ्टवाल्या स्वतःच्या घरात यायचं होतं. मुलीची अडचणही तितकीच खरी होती. तिला सातवा महिना लागला होता, नाव जवळच्याच हॉस्पिटलात घातलेलं, आणि भर पावसात घर बदलायचं नव्हतं. एवढंच असतं तर चहावर मिटलं असतं. पण नवऱ्याने करारनामा नीट वाचला होता आणि त्याच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं होतं: “काकू, यात आम्हाला टेनंट लिहिलंय.”

ते ऐकून काकूंचा चेहरा पांढरा पडला, असं भाचा सांगत होता. मला ते पटलं. काकूंचं माहेर राजापूर तालुक्यातलं. वडिलांची जमीन कुळाकडे होती आणि कुळकायद्यात ती गेली. १९४८चा कायदा आणि त्याखालचा १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन त्यांना तारखांनी माहीत नाही, पण ‘सात-बाराला कूळ लागलं’ हे वाक्य त्या घरात मयताच्या बातमीसारखं उच्चारलं जायचं. जो कसायचा त्याची जमीन झाली, यात न्याय होता असं माझं मत. काकूंपुढे ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. मुद्दा एवढाच, की टेनंट हा शब्द त्यांच्या कानात शिरतो तो कूळ होऊन, आणि कूळ म्हणजे न जाणारा माणूस.

मी पेन्सिल घेऊन करारनामा वाचायला बसले. सहा पानं. शीर्षक ‘लीव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंट’. आत लायसन्सी, म्हणजे मुभेवर राहणारा, हा शब्द ४ वेळा, टेनंट १९ वेळा. पैशाला पहिल्या पानावर लायसन्स फी, तिसऱ्यापासून रेंट. मुदतीला लीज पीरियड. काकू कुठे लायसन्सर, कुठे लँडलॉर्ड, आणि एका कलमात चक्क ‘ही’, म्हणजे पुल्लिंगी. पाचव्या पानावर मात्र माझी पेन्सिल थांबली. तिथे लिहिलं होतं की टेनंटला जागेचं एक्स्क्लुझिव्ह पझेशन राहील, म्हणजे जागा फक्त त्याच्याच हाती.

झालं होतं असं. आधीचे दोन करार एजंटने नेहमीच्या नमुन्यात केले आणि रीतसर नोंदवले होते. तिसऱ्या वेळी एजंटचे पैसे वाचवायला भाच्याने मसुदा स्वतः केला. जुन्या कराराचं डोकं घेतलं, इंटरनेटवर सापडलेल्या परदेशी नमुन्याचं धड जोडलं. “शब्द वेगळे वाटले, पण अर्थ एकच आहे ना?” असं त्याने मला विचारलं. वर नोंदणी न करता नुसतं नोटरीकडून शिक्का मारून आणला.

अर्थ एक नाही. लीज आणि लायसन्स या दोन्हींच्या आपल्या कायद्यातल्या व्याख्या १८८२ सालच्या, शेजारशेजारच्या दोन कायद्यांतल्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०५ लीज म्हणजे काय ते सांगतं: ठरावीक काळासाठी किंवा कायमचा, मोबदला घेऊन, जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याला देणं. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५२ लायसन्सबद्दल सांगतं: दुसऱ्याच्या जागेत अशी गोष्ट करायची मुभा, जी मुभेशिवाय बेकायदा ठरली असती, पण त्या जागेत कुठलाही हितसंबंध निर्माण होत नाही. काकूंना मी ते असं सांगितलं: लीज दिली म्हणजे तेवढ्या मुदतीपुरता घराचा एक तुकडा तुम्ही हातातून सोडला. लायसन्स दिलं म्हणजे घर तुमच्याच हातात आहे, आत यायला तुम्ही कुणाला हो म्हणालात. काकू म्हणाल्या, “मग हे फी काय आहे? मी काय शिकवणी घेते?” त्यांचंही बरोबर. घराच्या कागदात लायसन्स फी हा शब्द येतो तोच मुळी रेंट म्हणायचं टाळण्यासाठी. मराठीत टॅक्सीचं भाडं, हॉलचं भाडं, लग्नातल्या भांड्यांचं भाडं आणि खोलीचं भाडं, सगळं एकच. इंग्रजी लोक हॉल हायर करतात, घर रेंटने घेतात, तेच घर मालकाच्या बाजूने लेट करतात. अमेरिकेत गेलं की हायर फक्त माणसांना करतात आणि गाडीसुद्धा रेंटवर जाते.

मुंबईत हा फरक इतका जिवावरचा का झाला, त्याला इतिहास आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली आणि भाडेकरूला काढणं अवघड केलं. म्हणून मालक टेनंट हा शब्दच कागदावर येऊ देईनात. सगळे एकाएकी लायसन्सी झाले. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याकडे चालू लायसन्स होतं, त्यांना भाडेकरूच मानलं गेलं. एका तारखेला माणसं झोपली लायसन्सी म्हणून आणि उठली टेनंट म्हणून. त्या धसक्याने पुढे कितीतरी घरं कुलपात पडून राहिली, हे आमच्या आधीच्या पिढीतलं कुणीही सांगेल. सध्याचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम २४ने मालकाची भीती बरीच घालवली: लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते.

भाच्याला हे कलम पाठ होतं. कलम ५५ त्याला माहीत नव्हतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे १९ वेळा टेनंट लिहिलेला, न नोंदवलेला कागद, आणि भाडेकरूच्या शब्दाला वजन. हे मी वाचून दाखवलं तेव्हा भाचा गप्प झाला आणि काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

शीर्षकात तर लायसन्स आहे ना, हा त्याचा शेवटचा बचाव. शीर्षकाने काही होत नाही. १९५९ साली सुप्रीम कोर्टापुढे दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या केशकर्तनालयाचं प्रकरण आलं होतं. कागदाचं नाव लायसन्स होतं, बहुमताने कोर्टाने ते लीज ठरवलं. नावापेक्षा मजकुरातून काय दिसतं ते महत्त्वाचं, आणि त्यात एक्स्क्लुझिव्ह पझेशन कुणाला दिलं हे फार बोलकं. १९८५ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अशाच प्रकरणात जे म्हटलं ते मला कायम आठवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर: पाच दातांचं खणायचं अवजार केलं की ते दाताळंच होतं, घडवणारा इंग्रजी न जाणणारा असला आणि मी फावडं केलंय असं शपथेवर सांगत असला तरी. तिथेही दर आठवड्याचे पैसे लायसन्स फी म्हणून लिहिले होते.

पझेशनवर थोडं थांबते, कारण भाच्याने तो शब्द अंदाजाने घातला होता. ओनरशिप म्हणजे मालकी, यावर कुणाचं दुमत नाही. ऑक्युपेशन म्हणजे प्रत्यक्ष तिथे राहणं, वापर. पझेशन या दोहोंच्या मध्ये बसतं: जागेवर हुकमत, इतरांना बाहेर ठेवायची ताकद. मराठीत ताबा आणि कब्जा हे दोन शब्द त्यासाठी आहेत आणि दोहोंना थोडा हाणामारीचा वास आहे. तरीही ते इंग्रजीपेक्षा प्रामाणिक आहेत. ‘तुम्हाला पूर्ण ताबा दिला’ असं मराठीत लिहायला भाच्याचा हात थबकला असता. लायसन्सच्या नेहमीच्या नमुन्यात कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील असं मुद्दाम लिहितात, आणि बरेच मालक एक चावी स्वतःकडे ठेवतात. मी काकूंना विचारलं, “तुमच्याकडे चावी आहे?” त्यांनी भाच्याकडे पाहिलं. तिन्ही चाव्या त्याने जोडप्याला दिल्या होत्या. “बरं दिसत नाही म्हणून,” तो म्हणाला.

आता त्या शीर्षकातल्या पहिल्या शब्दाकडे येते, कारण बोलाचालीच्या दुसऱ्या बैठकीत सगळी गाडी तिथेच अडली. माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी आम्ही बसलो होतो: काकू, भाचा, नवरा-बायको, आणि कोर्टातून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे शिरस्तेदार काका. काकू म्हणाल्या, “लिव्ह लायसन्स म्हणजे राहायचं लायसन्स. अकरा महिने राहा म्हटलं, अकरा महिने झाले.” त्यांनी तो शब्द लिव्ह असा ऐकलेला, म्हणजे राहणं. दोष त्यांचा नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनवरही, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या उताऱ्यावरही, ‘लिव्ह’च छापलेलं असतं, ऱ्हस्व. भाचा लगेच म्हणाला, “राहायचं नाही मावशी, लीव्ह म्हणजे सोडून जायचं. म्हणून तर इतकी वर्षं अकरा महिन्यांचा करतात, की बाराव्या महिन्यात जा.” एकाच टेबलावर एकच शब्द, एकीला राहा वाटतो, दुसऱ्याला जा.

“दोन्ही नाही,” ती मुलगी हळूच म्हणाली. “लीव्ह म्हणजे परवानगी.”

तिचं बरोबर होतं. सोडून जाणं हे लीव्ह क्रियापद आणि परवानगी हे लीव्ह नाम यांचं जुन्या इंग्रजीतलं मूळच वेगळं. उच्चार घासत घासत एक झाले. परवानगीवाल्या लीव्हचा जर्मन चुलतभाऊ म्हणजे उरलाउब, सुट्टी. ऑफिसात आपण लीव्ह टाकतो ती तीच: कामावर न यायची परवानगी. आणि ‘टेक लीव्ह’, निरोप घेणं, तेही मुळात जायची परवानगी घेणं. शिरस्तेदार काका हे ऐकून एकदम सरसावले. “म्हणजे रजा की!” ते म्हणाले.

हा क्षण मी विसरणार नाही. वीस वर्षं भाषांतरं करतेय आणि मला सुचलं नव्हतं. रजा हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मूळ अर्थ संमती. मराठीत त्याचे तिन्ही अर्थ तसेच वळले: शाळेला रजा, ‘आता रजा घेतो’ म्हणून निरोप, आणि जुन्या बोलण्यात वडीलधाऱ्यांची रजा घेऊन केलेलं काम, म्हणजे परवानगी. राजी हा त्याचाच भाऊबंद. त्यावरून आलेला राजीनामा हिंदीत तडजोडीचा कागद आहे आणि आपल्याकडे नोकरी सोडायचा. एकाच मुळातून एक माणूस राजी होतो आणि दुसरा राजीनामा देतो, यावर टेबलाशी पाच मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही, कारण त्या पाच मिनिटांत पहिल्यांदाच कुणी कुणावर आवाज चढवला नाही.

अकरा महिन्यांचं कारणही भाच्याला वाटलं ते नव्हे. वर्षाहून अधिक मुदतीच्या लीजला १९०८च्या नोंदणी कायद्यात सक्ती आहे, म्हणून बाराव्या महिन्याच्या अलीकडे थांबायची सवय पडली. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यावर तिचा काही उपयोग उरला नाही, पण सवय राहिली.

मग लायसन्स कशाला, लीव्ह म्हणजेच परवानगी असेल तर? नवऱ्याचा प्रश्न. लायसन्स लॅटिनमधून आला, अर्थ तोच: मुभा असणं. ब्रिटिश लिहितात तेव्हा नामाच्या शेवटी सी आणि क्रियापदाच्या शेवटी एस, अमेरिकन दोन्हीकडे एस. इंग्रजी कायद्याला देशी आणि परका शब्द जोडीने लिहायची खोड आहे. विल अँड टेस्टामेंट त्याच खोडीतलं. आपणही हेच करतो: कागदपत्र, धनदौलत, बळजबरी. कागद तिकडून आला, पत्र इकडचं. कुणाला एक कळला नाही तर दुसरा कळावा. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे रजा-परवानगी, दोन वेळा तेच. मात्र सगळ्या जोड्या अशा निरुपद्रवी नसतात. लीज अँड लायसन्स अशी जोडी कुणी लिहिली, तर तो माणूस भाच्याच्या वाटेने चाललाय.

लेसर आणि लेसी, लायसन्सर आणि लायसन्सी यातला ‘सर’ देणारा आणि ‘सी’ घेणारा. लेसर म्हटल्यावर काकूंना मोतीबिंदूचं मशीन आठवलं. सरकारी मराठीत लेसरला पट्टाकार आणि लेसीला पट्टेदार म्हणतात. ते सूचीच्या छापील नमुन्यात आहे आणि ते वाचून मला दर वेळी वाघ दिसतो. त्यापेक्षा जुन्या दस्तांतलं ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ कितीतरी चांगलं. कोण कुठल्या बाजूला बसलंय ते शेंबड्या पोरालाही कळतं.

पुढचं लवकर सांगते. नवऱ्याने आपण होऊन कबूल केलं की टेनंट या शब्दावर कोर्टात जायचा त्याचा विचार नव्हता; इव्हॅक्युएट वाचून बायको रात्रभर झोपली नाही, त्या रागात तो बोलून गेला. काकूंनी ऑपरेशन नोव्हेंबरवर ढकललं. आदल्या दोन वेळच्या नमुन्यात जुलै ते ऑक्टोबर असा चार महिन्यांचा नवा करार झाला, या वेळी ऑनलाइन नोंदवून. दर महिन्याला २८,०००, डिपॉझिट आधीचंच १,००,०००. रिन्युअलचं कलम मुलीने काढायला लावलं, कारण तिच्या मते एक्स्टेंड म्हणजे तोच करार लांबवणं, रिन्यू म्हणजे नवा करणं, आणि इथे दोन्ही नको होतं. एक चावी काकूंकडे आली. मराठी तर्जुमा मी केला. त्यात भाडेकरू हा शब्द नाही. ‘लिहून घेणार’ आहे. वकिलाला तो जुनाट वाटला, पण काकूंनी तो बोट ठेवून वाचला आणि सही केली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी जोडपं अडीच महिन्यांच्या मुलाला घेऊन निघालं. डिपॉझिट परत देताना एक ठिणगी उडालीच. बाथरूमचं दार खालून फुगलं होतं. भाचा त्याला डॅमेज म्हणत होता, नवरा वेअर अँड टेअर. वापराने आपोआप झिजलं तर भरपाई नाही, निष्काळजीपणाने बिघडवलं तर आहे. दार पाण्याने फुगलं, आणि बाथरूममध्ये पाणी असतं, यावर बराच वेळ चर्चा झाली. सुतार ३,००० म्हणाला. अर्धे अर्धे झाले.

पावती काकूंनी माझ्याकडून लिहून घेतली नाही. “मला वाचता येईल अशी मीच लिहिते,” म्हणाल्या. नातीच्या वहीचं पान फाडून त्यांनी लिहिलं: चाव्या २ मिळाल्या, आधीची १ माझ्याकडे, एकूण ३. डिपॉझिट ९८,५०० परत दिले. मग पेन क्षणभर थांबलं, आणि खाली: ताबा मिळाला.

दाराशी सांगलीकर वाकून म्हणाला, “येतो काकू, रजा द्या.”

“दिली की,” काकू म्हणाल्या, “आणि बाळाला टोपी घाल, लिफ्टमध्ये पंखा आहे.”